आवळ्यावरचं पाणी

मंदाक्का चौसाळकरांना खोटं ठरवलं ते एका यंत्रानं, आणि तेही भर बाजारात, लाल अक्षरांत.

मंजिरी तेव्हा आवळ्याच्या वाफेत उभी होती. धाकटी जाऊ शलाका हातात स्क्रीन घेऊन शेडच्या दारातच थांबली. एरवी ती बोलत बोलतच आत यायची, म्हणून मंजिरीनं मान वळवली.

"ताई, वाचू की दाखवू?"

"वाच. माझे हात ओले आहेत."

"ग्राहक, मंदाकिनी चौसाळकर, अंबाजोगाई. शब्द, 'यंदाचा आवळा अमृत आहे, पाणी पिताच गोड.' चेहरा, काहीही नाही. निष्कर्ष, अभिप्राय अविश्वसनीय." शलाकानं बोटानं पान खाली सरकवलं. "आणि खाली लाल पट्टी. आपल्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दिसते."

मंजिरीनं झाकण परत ठेवलं, ते जरा जोरातच.

त्या दोघींच्या ऑनलाइन दुकानाचं नाव 'तुरट'. अंबाजोगाईत घरामागच्या शेडमध्ये चालायचं, बालाघाटच्या डोंगरातला आवळा आणून सुपारी, मोरावळा, लोणचं करायचं आणि पार परदेशापर्यंत पाठवायचं. एका चुलीवर दोन जावांचं पटत नाही म्हणतात, पण एका दुकानावर छान पटलं होतं. पातेलं मंजिरीचं, पडदा शलाकाचा. हाताखाली गल्लीतल्या आठ बाया होत्या आणि त्या आठही घरांची दिवाळी या शेडमधून जायची.

अडचण दुकानाची नव्हती, शब्दाची होती. यंत्रं माणसासारखं लिहू लागली आणि अभिप्रायाची रया गेली. कुणीही उठावं आणि एका दुपारी हजारो खोटे ग्राहक उभे करावेत. कुणी वऱ्हाडीत कौतुक करतंय, कुणी कोकणीत, कुणी मुद्दाम चार चुका करून, म्हणजे खरं वाटावं. लोकांनी मग वाचणंच सोडलं. शेवटी 'महाहाट' या सगळ्यांत मोठ्या बाजारानं फर्मान काढलं की लेखी अभिप्राय मोजला जाणार नाही. ज्याला पहिल्या पानावर बसायचंय त्यानं दसऱ्यापर्यंत 'निखळ' ही अभिप्रायसेवा घ्यावी.

निखळ माणसाला काही विचारतच नव्हती. ग्राहकानं पाकीट फोडलं, घास घेतला, की फोनचा कॅमेरा त्याच्या तोंडाकडं बघायचा. कातडीखाली रक्त दर ठोक्याला येतं आणि जातं. रक्त हिरवा उजेड अधिक शोषतं, म्हणून गालाचा रंग दर ठोक्याला कणभर बदलतो. आपल्या डोळ्यांना तो बदल दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. त्यावरून नाडी कळते. आनंद झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते. ओठ कुणीही हसवू शकतो, पण डोळ्याच्या कडेचा बारीक स्नायू मनापासून हसल्याशिवाय सहसा आवळत नाही. असे शेकडो धागे पिळून यंत्र एक आकडा काढायचं आणि म्हणायचं, हे या माणसाचं खरं मत. माणूस तोंडानं वेगळं काही बोलला, तर खोटा माणूस.

दुसरा पर्याय होता 'बोली'. ती काही विणकरांनी आणि कुंभारांनी मिळून चालवलेली लहानशी सेवा. तिथं तारे नाहीत, आकडे नाहीत. ग्राहकानं आपलं नाव-गाव सांगून आपल्या आवाजात बोलायचं, आणि नव्या गिऱ्हाइकाला शंका आली तर त्यानं त्याच माणसाला उलट फोन लावून विचारायचं. बोलीतली दुकानं महाहाटच्या तिसऱ्या पानावर असत. तिसऱ्या पानावर कोण जातं?

शलाकानं गेल्या मोसमाच्या मालावर निखळची महिनाभर चाचणी घेतली होती. पहिल्या आठवड्यात यंत्रानं कळवलं, 'ग्राहकांना वेदना होत आहेत.' शलाका पोट धरून हसली होती. आवळा खाल्ला की भुवया चढणार, एक डोळा मिटणार, तोंडाचं बटाट्याचं वेफर होणार. निखळचा पुण्याचा माणूस मल्हार सबनीस, पोरगा चांगला होता, त्यानं ऐकून घेतलं आणि यंत्राला शिकवलं, की तुरट चवीनं जीभ आक्रसते, वर पाण्याचा घोट घेतला की गोडी उमटते, तेव्हा पाणी पिईपर्यंत थांब. त्यानंतर 'तुरट'चा आकडा असा चढला की महाहाटनं दिवाळीला दुकान अगदी वर ठेवू म्हणून कळवलं. मंजिरीलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोला.

मग जुनी रीत पाळण्याच्या नादात तिनं चूक केली. मोसमाची पहिली बरणी मंदाक्कांची, ही 'तुरट'ची पहिल्या दिवसापासूनची चाल. आक्का कीर्तनकार, नारदीय गादीवर चाळीस वर्षं उभ्या राहिलेल्या. देवाआधी नाही, पण गिऱ्हाइकाआधी त्यांचा घास. त्यांनी चार शब्द बोलायचे, ते दुकानाच्या कपाळावर टिळ्यासारखे लावायचे. यंदा मंजिरीनं हौसेनं ती बरणी निखळला जोडून पाठवली, आक्कांच्या भाचीच्या फोनवरून परवानगी घेतली आणि नव्या मोसमात यंत्रापुढं पहिला चेहरा बसवला तो आक्कांचा.

"पट्टी काढायला सांग," ती आता शलाकाला म्हणाली.

"सांगितलं. मल्हार म्हणाला, यंत्राचं चुकलं असं दाखवावं लागेल. पण ताई, चुकलंय का?" शलाका हळूच म्हणाली. "मी चित्रफीत पाहिली. आक्का खातात, पाणी पितात, आणि तोंडावर रेघ हलत नाही. भिंतीनं खाल्ल्यासारखं."

मंजिरीनं हात पुसले आणि चपला शोधल्या. तिला जे माहीत होतं ते शलाकाला माहीत नव्हतं.

आक्का झोपाळ्यावर बसून झांजेची दोरी ओवत होत्या. बोटं थरथरत होती, भोकात दोरी जात नव्हती. मंजिरीनं ती काढून घेऊन ओवली.

"कळलं मला," आक्का म्हणाल्या. "भाचीनं दाखवलं. लाल रंग चांगला निवडलाय, लांबून दिसतो."

"आक्का, चेष्टा नको."

"मग काय करू, रडू? रडलेलं तरी कुठं दिसणार आहे याच्यावर?" त्यांनी आपल्या गालावर टिचकी मारली.

आक्कांना कंपवात होता. हे गावात फक्त भाचीला आणि मंजिरीला ठाऊक. या आजारात हात तर थरथरतातच, पण चेहऱ्याचे स्नायूही हळूहळू थिजतात. आतून माणूस हसत असतो, बाहेर पाटी कोरी. ज्या चेहऱ्यावर एका वेळी कैकेयी आणि कौसल्या दोघी दिसायच्या, तो चेहरा आता मेणाचा झाला होता. लोक म्हणत, आक्का हल्ली फार गंभीर झाल्या, वैराग्य आलं. आक्का म्हणू देत. थरथरणाऱ्या हातात चिपळ्या धरून त्या सभेला सांगत, "आता मी वाजवत नाही हो, हातच वाजवतो." लोक हसत आणि गुपित गुपितच राही.

"मल्हार म्हणतो, आजाराचा दाखला जोडला तर लाल पट्टी जाऊन निळी येते," मंजिरी म्हणाली. पट्टी काढायचे सगळे नियम शलाकानं वाटेतच फोनवर वाचून दाखवले होते, त्यातला हा एक. "निळीवर लिहिलेलं असतं, 'आजारामुळे चेहरा वाचता येत नाही.'"

"म्हणजे खोटारडीची आजारी होते मी. बढतीच म्हणायची." आक्कांचा आवाज मात्र तसाच होता, तांब्याच्या घागरीत बोलल्यासारखा. "दे जोडून. आठ घरांची दिवाळी आहे. माझं काय, आज ना उद्या कळणारच."

"तुम्हाला कळवायचंय का लोकांना?"

आक्कांनी पायानं झोपाळा थांबवला. "नाही," त्या म्हणाल्या. "मला कीव ऐकत कीर्तन करता येणार नाही."

मंजिरीला मग विचारावंच लागलं. "आक्का, चव कळते तुम्हाला?"

"वास तीन वर्षांमागं गेला. या दुखण्यात तो आधी जातो. वासाबरोबर निम्मी चव जाते. जीभ आक्रसते तेवढी कळते."

"मग अमृत कसं म्हणालात?"

"मी तुझी बरणी घरी कधी संपवली आहे का गं? मारुतीच्या देवळात कीर्तन झालं की प्रसादाला वाटते. पुढच्या रांगेतली लेकरं तोंडं वाकडी करतात, पाण्याच्या हंड्याकडं पळतात, पितात, आणि मग एकमेकांकडं बघतात. अगं, ते बघणं. पाण्यात साखर कुणी घातली असं बघणं. ते आठवून मी बोलते. माझ्या जिभेचं बोलत बसले असते तर चाळीस वर्षं कुणी ऐकलं असतं?"

मंजिरी घरी आली ती ठरवून, की निखळ नको. आक्कांना विचारूनच तिनं शलाकाला दुखण्यासकट सगळं सांगितलं. शलाकानं कपाळावर हात मारला.

"ताई, भावनेवर दुकान चालत नाही. आणि तुम्हीच सांगताय की आक्कांना चव कळत नाही. मग यंत्र खोटं कुठं बोललं?"

"रामकथा सांगणारा वनवासात जाऊन आलेला असतो का? तरी आपण ऐकतोच ना?"

"रामकथेला परतीची हमी नसते. सुपारीला असते."

मंजिरीला हसू आलं, राग असूनही. शलाका अशीच होती, भांडताना जास्त आवडायची. तिनंच मग तोड काढली. "आक्का लोकांच्या वतीनं बोलतात ना? मग लोकांचेच चेहरे मोजू. शनिवारी दुपारी देवळात त्यांचं कीर्तन आहे. मल्हार कॅमेरे लावेल. प्रसाद खाताना अख्खी सभा गोड म्हणाली की आक्कांचा शब्द खरा ठरेल, पट्टी आपोआप जाईल. दाखला नको, कीव नको. आता बोला."

युक्ती बिनतोड होती. मंजिरीनं होकार दिला, आक्कांनीही मान हलवली. फक्त रात्रीच्या भाताला मंजिरीनं दोनदा मीठ घातलं.

शनिवारी देवळाच्या सभामंडपात चार खांबांवर चार कॅमेरे बसले, सुपारीएवढे. दाराशी पाटी लागली, 'आत येणाऱ्यांची संमती गृहीत धरली आहे.' मल्हार पेटीवाल्याशेजारी स्क्रीन घेऊन बसला. त्यानं चपला बाहेर काढल्या होत्या, देवाला नमस्कारही केला होता. वाईट म्हणावं असं त्याच्यात काहीच नव्हतं, हीच मंजिरीची पंचाईत.

आक्का उभ्या राहिल्या. नऊवारी, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. नमन झालं, पूर्वरंग सुरू झाला. विषय होता वाणी. देवानं पशूला पोट दिलं, पक्ष्याला पंख दिले, आणि माणसाला काय दिलं तर हो आणि नाही म्हणायची मुभा. आवाज घुमत होता, निरूपण नेहमीसारखं पायरी पायरीनं चढत होतं. पण मंजिरीला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. पेटी सुरात होती, तबलाही. मग तिच्या लक्षात आलं, सभा गप्प होती.

चिपळ्यांचा विनोद आक्कांनी केला, त्यावर हशा आला नाही. लोकांनी आधी खांबाकडं पाहिलं. जनाकाकू, ज्या आक्कांच्या पहिल्या तानेलाच डोळ्याला पदर लावायच्या, त्या हात मांडीवर ठेवून फोटोला बसल्यासारख्या बसल्या होत्या. देशमुख सर नेहमी अर्धं कीर्तन झोपेत ऐकत आणि घरी जाऊन पुरं सांगत. ते आज टक्क जागे होते आणि काही ऐकत नव्हते. आपला चेहरा कुणीतरी लिहून घेतंय म्हटल्यावर प्रत्येकानं तो आवरून ठेवला होता.

मंजिरीनं समोर पाहिलं, मग मागं पाहिलं. गादीवर एक थिजलेला चेहरा होता, आणि त्याच्यासमोर दोनशे. आक्कांचा आजारानं थिजला होता. यांना कसला आजार झाला होता?

मध्यंतर झालं. रीतीप्रमाणं आक्कांच्या कपाळी बुक्का लागला, गळ्यात हार पडला. कीर्तनात हार कथा संपल्यावर घालत नाहीत, मध्येच घालतात. आख्यान अजून सांगायचं असतं. लहानपणी मंजिरीनं आईला विचारलं होतं, अजून गोष्ट ऐकली नाही तर हार कशाचा? आई म्हणाली होती, "विश्वासाचा." मंजिरी हाराकडं बघत राहिली. दुकानाच्या कपाळावर आक्कांचे शब्द ती इतकी वर्षं लावत होती, ते हे होतं. आणि आज ती तो हार तराजूत घालून बसली होती.

उत्तररंगात आक्कांनी आख्यान लावलं, पण मध्येच थांबल्या. चिपळ्या वाजतच राहिल्या.

"मंडळी, आज तुम्ही हसत नाही," त्या म्हणाल्या. "मीही हसत नाही. पण माझं कारण सांगते, मग तुमचं तुम्ही बघा. मला कंपवात आहे. तोंड हलत नाही. हा हात थांबत नाही. यंत्र म्हणालं, बाई खोटं बोलते. कागद आणला तर आजारी म्हणू, असंही म्हणालं. मी कागद आणणार नाही. ज्याला माझा शब्द हवा त्यानं तो तसाच घ्यावा, नको त्यानं ठेवून जावं. चाळीस वर्षं याच भावानं दिलाय." आणि त्यांनी पेटीवाल्याला खूण करून पुढचा चरण उचलला.

कुणी हुंदका दिला नाही. फक्त बायकांच्या बाजूनं कुणीतरी टाळी धरली, ती पुरुषांकडं गेली, आणि आख्यान संपेपर्यंत थांबली नाही.

आरती झाली. प्रसादाची परात घेऊन मंजिरी पुढं आली, पाण्याच्या हंड्याशी तिच्या आठ बाया. मल्हारनं हळूच सुचवलं, "सगळ्यांनी जरा समोर बघून खाल्लं तर बरं, काकू."

मंजिरीनं आधी स्वतःच्या तळहातावर आवळ्याची फोड घेतली, डोळ्यांना लावली. मग तिनं डोक्यावरचा पदर धरला आणि हनुवटीपर्यंत खाली ओढला. पदराआड तिनं फोड तोंडात टाकली. काळोखात जीभ आक्रसली. तशीच चाचपडत तिनं फुलपात्र घेतलं, पदराखाली घोट घेतला, आणि मोठ्यानं म्हणाली, "मंजिरी लोमटे, अंबाजोगाई. गोड आहे."

मग जनाकाकूंचा पदर खाली आला. "जना शिंदे, इथलीच. गोड आहे, पण मीठ जास्त पडलंय." सभेत खसखस पिकली, आज पहिल्यांदा. देशमुख सरांनी उपरणं तोंडावर घेतलं, ते आता झोपायलाही मोकळे होते. एकानं टोपी पुढं ओढली, एकीनं लेकराला आपल्याच पदरात घेतलं. रांगेमागून रांग झाकली गेली, आणि प्रत्येक पदराआडून एक नाव, एक गाव, एक मत येऊ लागलं. काही म्हणाले गोड. एकजण म्हणाला, मला आवळा जन्मात आवडला नाही, पण आक्कांच्या हातचा खातो. तेही त्यानं नाव घेऊनच सांगितलं.

मल्हारच्या स्क्रीनवर ओळीनं एकच शब्द उमटत होता, 'चेहरा नाही.' तो गोंधळून शलाकाकडं वळला. "ताई, हे काय? चेहरे कुठं गेले?"

शलाका खांबाशी उभी होती. दिवाळीचं पहिलं पान तिच्या डोळ्यांपुढून जाताना मंजिरीला पदराच्या फटीतूनही दिसलं. मग शलाकानं ओढणी कपाळावरून खाली घेतली.

"ज्याचे त्याच्याकडं परत गेले," ती ओढणीतून म्हणाली. "कॅमेरे काढून घ्या, मल्हार. प्रसाद मात्र घेऊन जा."

त्यानं घेतला. त्यानं तो कसा खाल्ला ते कुणी पाहिलं नाही. तोही पाठ करून उभा होता.

दसऱ्याला 'तुरट' बोली घेऊन महाहाटच्या तिसऱ्या पानावर गेलं. दिवाळी बेताची झाली. एका बाईची पोरगी नव्या फ्रॉकसाठी रुसली, तिची समजूत मंजिरीला जाऊन काढावी लागली, आणि ती सोपी नव्हती. शलाकानं रोज उठून बोलीवरचे आवाज ऐकायचा नेम धरला. ती कुरकुरायची, "ताई, लोक सुपारीबद्दल कमी आणि घरच्याबद्दल जास्त बोलतात." पण ऐकायची पूर्ण.

तिसऱ्या पानावर दुकान उघडलं की आधी एक आवाज लागतो. चित्र नाही, तारे नाहीत. मागं चिपळ्यांचा बारीक, न थांबणारा नाद.

"मी मंदाकिनी चौसाळकर, अंबाजोगाई. मला चव कळत नाही, मी ज्यांना वाटते त्यांना कळते. खोटं वाटलं तर फोन करा, मी उचलते. आवळा तुरट आहे. पाणी प्या, मग बोला."